सुगंधी जिरॅनियम : आधी निचरा, मग रोपे

गवती चहा, रोशा गवत आणि वाळा या सुगंधी पिकांच्या जोडीला अलीकडच्या काळात जिरॅनियम या पिकाचे नाव आपल्याकडे वारंवार ऐकू येते. शेतकरी मेळाव्यात या पिकासंबंधी विचारले जाणारे प्रश्न बहुधा तीन असतात. रोपे कोठे मिळतील, एकरी तेल किती निघेल आणि तेलाला भाव काय मिळेल? जमिनीत साचणारे पावसाचे पाणी कसे बाहेर काढणार आणि कापलेला पाला कोठे ऊर्ध्वपातित करणार, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. वास्तविक या पिकाचे यशापयश प्रामुख्याने या दोन प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून आहे.

जिरॅनियम हे बहुवर्षायू पीक आहे. एकदा लागवड केली की तीन ते चार वर्षे काढणी घेता येते, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु आपल्या हवामानात ते आपोआप बहुवर्षायू राहत नाही. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचले तर तेच पीक एका हंगामाचे ठरते. रोपांवरील खर्च तीन वर्षांवर विभागला जाणार की एकाच वर्षाच्या माथी बसणार, यावर या पिकाचा सगळा हिशोब फिरतो. म्हणून लागवडीचे तंत्र समजावून घेताना निचऱ्याचा मुद्दा डोळ्यांपुढे ठेवावा.

नावाचा घोटाळा

जिरॅनियम या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. पहिली म्हणजे खरी जिरॅनियम. ही थंड प्रदेशातील बागांमधली काटक, बहुवर्षायू फुलझाडे होत. हिवाळ्यात त्यांचा वरचा भाग वाळतो व वसंतात मुळांपासून पुन्हा फुटवा येतो. हिमालयातही त्यांच्या जंगली जाती आढळतात. दुसरी म्हणजे शहरांतील सज्ज्यांत कुंडीत दिसणारी लाल, गुलाबी फुलांची झाडे. तिसरी म्हणजे पानांपासून सुगंधी तेल मिळणारी वनस्पती. दुसरी व तिसरी या दोन्ही प्रत्यक्षात पेलार्गोनियम या वेगळ्या प्रजातीतील असून त्यांचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे.

लिनियसने 1753 मध्ये या सर्वांना जिरॅनियम या एकाच प्रजातीत ठेवले होते. पुढे 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पेलार्गोनियम ही प्रजाती वेगळी केली. तोपर्यंत जुने नाव लोकांच्या तोंडी बसले होते, ते आजही कायम आहे. दोन्ही नावे पक्ष्यांवरून पडली आहेत. फळाला लांब चोच असल्यामुळे एकीला क्रौंच पक्ष्याचे आणि दुसरीला करकोच्याचे ग्रीक नाव मिळाले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या घोटाळ्याचा अर्थ इतकाच की, पुस्तकात किंवा बियाण्याच्या पाकिटावर जिरॅनियम हा शब्द दिसला म्हणून ते तेलाचे पीक आहे असे समजू नये. थंडी-बर्फात टिकणारी बागेतील जिरॅनियम आपल्या पठारावरील उन्हाळ्यात तग धरत नाहीत आणि त्यांच्यापासून व्यापारी तेलही मिळत नाही. तेलासाठी लावली जाणारी वनस्पती पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स या नावाने ओळखली जाते. ती प्रत्यक्षात संकरित असून तिला सहसा उगवणक्षम बी धरत नाही. तिची अभिवृद्धी फाटे कलमानेच करतात. तेलाच्या जिरॅनियमचे बियाणे देतो असे कोणी सांगितल्यास ते घेऊ नये.

तेल व त्याचा उपयोग

ताज्या पानाला बोट चोळले असता गुलाबासारखा वास येतो. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये हे तेल साठविलेले असते. जून, काष्ठमय खोडात ते जवळजवळ नसते. तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे दोन प्रमुख घटक असून त्यांच्या परस्पर प्रमाणावर तेलाची प्रत ठरते. याशिवाय लिनॅलूल, आयसोमेन्थोन आणि काही फॉर्मेट घटकही असतात. अत्तरे, साबण व सौंदर्यप्रसाधने यांमध्ये या तेलाचा वापर होतो.

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचे तेल त्या बेटाच्या जुन्या नावावरून बूरबाँ तेल म्हणून प्रसिद्ध झाले. इजिप्त व चीन हे इतर महत्त्वाचे उत्पादक देश आहेत. आपल्याकडे विसाव्या शतकात तामिळनाडूतील येरकाड, निलगिरी व कोडाईकनाल या डोंगराळ भागांत हे पीक रुजले. देशातील गरजेच्या मानाने उत्पादन कमी असल्यामुळे तेलाची आयात करावी लागते. केंद्र शासनाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 2017 मध्ये सुरू केलेल्या अरोमा मिशनमध्ये या पिकाचा समावेश झाला, तेव्हापासून मैदानी भागातही त्याचा प्रसार होऊ लागला.

हवामान

या पिकास सौम्य, थंड व कोरडे हवामान मानवते. महाराष्ट्रात पठारी भागातील ऑक्टोबर ते मार्च हा काळ वाढीस सर्वांत अनुकूल असतो. उन्हाळ्यात पाण्याची सोय असल्यास पीक तग धरते. मात्र विदर्भ व मराठवाड्यातील तीव्र उन्हाळ्यात आच्छादन व हलके पाणी यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

महाबळेश्वरसारखा थंड डोंगराळ भाग या पिकास उत्तम असेल, असा अनेकांचा समज असतो. थंडाव्याच्या दृष्टीने तो बरोबर असला तरी सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात पाऊस अतिशय पडतो. महिनोन्महिने ओल्या राहणाऱ्या जमिनीत मुळे कुजतात. त्यामुळे घाटमाथ्यापेक्षा त्याच्या पूर्वेकडील कमी पावसाचा, हलक्या ते मध्यम जमिनीचा पट्टा अधिक योग्य होय.

जमीन व निचऱ्याची परीक्षा

मुरमाड, पोयट्याची किंवा तांबडी, हलकी ते मध्यम जमीन निवडावी. सामू 5.5 ते 8 पर्यंत चालतो. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या, तसेच चोपण जमिनीत लागवड करू नये.

जमिनीचा निचरा पाहण्यासाठी पुढील साधी परीक्षा करावी. शेतातील सर्वांत सखल जागी दोन फूट खोल व दोन फूट रुंद खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा. लगेच दुसऱ्यांदा संध्याकाळी भरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. खड्ड्यात पाणी उभे असेल तर त्या जागी जिरॅनियम लावू नये. ही परीक्षा ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना केल्यास अधिक खात्रीची ठरते. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या जमिनीत पाणी झटकन खाली जाते व फसगत होते.

निचऱ्याचे एवढे महत्त्व का, हे समजावून घेणे आवश्यक आहे. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की ही हवा तुटते व मुळांची कोवळी टोके मरू लागतात. मेलेल्या टोकांतून जमिनीतील बुरशी आत शिरते. मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे जमीन ओली असतानाही झाड माना टाकते. अशा वेळी झाडाला तहान लागली असे समजून आणखी पाणी दिले जाते आणि राहिलेली झाडेही हातची जातात.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टअखेरीस एका शेतकऱ्याच्या शेतावर जाण्याचा प्रस्तुत लेखकास योग आला. एक एकराचा सलग तुकडा होता. वरचा अर्धा भाग मुरमाड उताराचा, तर खालचा अर्धा भाग ओढ्याकाठच्या काळ्या मातीचा होता. रोपे एकाच रोपवाटिकेतील, एकाच आठवड्यात लावलेली. उन्हाळ्यात खालची झाडे वरच्यापेक्षा जोमदार दिसत होती, म्हणून शेतकऱ्याने तेथे चर काढले नव्हते. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली. त्यानंतर वरच्या भागात मोजकी झाडे गेली. खालच्या भागात मात्र ओळीच्या ओळी काळ्या पडल्या होत्या. रोपे पतसंस्थेच्या कर्जातून घेतली होती. "रोप वाईट निघालं का साहेब?" असा त्यांचा प्रश्न होता. रोप वाईट नव्हते. वरच्या तुकड्यातील हिरवी झाडे त्याची साक्ष देत होती. हीच रोपे आधी पाच गुंठ्यांवर लावून एक पावसाळा पाहिला असता तर हा धडा पुष्कळ स्वस्तात मिळाला असता.

जाती

लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने हेमंती, बिपुली, कुंती व सिम-पवन या जाती विकसित केल्या आहेत. याखेरीज बूरबाँ, अल्जेरियन तसेच केळकर या नावाने ओळखला जाणारा इजिप्शियन प्रकार लागवडीखाली आहे. मैदानी भागासाठी बूरबाँ गटातील जातींना पसंती दिली जाते. जात निवडताना ज्याला तेल विकावयाचे आहे त्याला कोणत्या प्रतीचे तेल हवे, हे आधी विचारावे. बूरबाँ व इजिप्शियन प्रकारांच्या तेलांच्या घटकांत फरक असतो व खरेदीदार तो प्रयोगशाळेत तपासून घेतो.

रोपे तयार करणे

निरोगी, जोमदार मातृवृक्षांवरून 15 ते 20 सें.मी. लांबीचे शेंड्याकडील फाटे धारदार व स्वच्छ चाकूने घ्यावेत. खालची पाने काढून टाकावीत व शेंड्याकडील तीन-चार पाने ठेवावीत. फाट्यांची खालची टोके 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा प्रति लीटर पाण्यात मिसळून त्यात बुडवावीत व नंतर लावावीत. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन पिशव्या किंवा गादीवाफे भरावेत. वर 50 टक्के सावलीची जाळी असावी. पाणी झारीने व बेताचे द्यावे. 45 ते 60 दिवसांत रोपे लागवडीयोग्य होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ फाटे रुजण्यास उत्तम असतो.

विकत रोपे घेताना मुळे पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. प्रत्येक शंभरातील चार-पाच पिशव्या फोडून पाहाव्यात. मुळे पांढरी व भरपूर असावीत. मुळांवर गाठी असल्यास तो सूत्रकृमींचा प्रादुर्भाव होय. अशी रोपे फुकट मिळाली तरी शेतात आणू नयेत. सगळी रोपे फाट्यांपासून केलेली, म्हणजे एकाच झाडाच्या नकला असल्यामुळे एका झाडाला जो रोग होतो तो सर्वांना होऊ शकतो. रोपवाटिकेतून आलेला रोग जमिनीतून पुन्हा काढणे फार कठीण जाते.

मातृवृक्ष पावसाळ्यात वाचविणे हे या पिकातील मोठे काम आहे. यासाठी बांबूचा कमानीसारखा साधा सांगाडा उभारून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकावे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळती राहील. लखनौच्या संस्थेने अशाच कमी खर्चाच्या निवाऱ्याचा प्रसार केला असून त्यामुळे मैदानी भागात रोपांचा खर्च बराच कमी झाला आहे. पावसाळ्यातून वाचलेल्या एका मातृवृक्षापासून 10 ते 15 फाटे मिळाले तरी सुमारे 1,000 मातृवृक्षांवर एक एकराची रोपे घरच्या घरी तयार होतात.

पूर्वमशागत व लागवड

जमिनीची उभी-आडवी नांगरट करून ती उन्हाळ्यात तापू द्यावी. शेवटच्या कुळवणीपूर्वी एकरी 4 ते 6 टन चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी व वाळवी येते. टोमॅटो, वांगी, मिरची या पिकांत मर रोग किंवा सूत्रकृमी आढळलेल्या शेतात लागवड टाळावी, कारण हेच शत्रू जिरॅनियमवरही येतात.

लागवड सपाट वाफ्यात न करता 30 ते 45 सें.मी. उंचीच्या गादीवाफ्यावर करावी. गादीवाफे उताराला तिरपे घ्यावेत, म्हणजे माती न वाहता पाणी हळूहळू बाहेर पडेल. शेताच्या खालच्या बाजूस वाफ्यांच्या तळापेक्षा खोल चर खणून तो ओढ्याला किंवा नाल्याला जोडावा. चराला तोंड नसेल तर तो पाणी काढत नाही, साठवतो.

दोन ओळींत व दोन रोपांत 60 सें.मी. अंतर ठेवल्यास एकरी सुमारे 11,200 रोपे बसतात. ठिबक संचावर 4 फूट बाय 1.5 फूट अंतराने लागवड केल्यास 7,260 रोपे लागतात. पाऊस संपल्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत लागवड करावी. रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावावे व लगेच पाणी द्यावे. संध्याकाळची वेळ चांगली. महिनाभरात नांगे भरून घ्यावेत.

खते

माती परीक्षणानुसार खते द्यावीत. सर्वसाधारणपणे हेक्टरी 35 कि.ग्रॅ. नत्र, 35 कि.ग्रॅ. स्फुरद व 35 कि.ग्रॅ. पालाश लागवडीच्या वेळी द्यावे आणि दोन महिन्यांनी आणखी 35 कि.ग्रॅ. नत्र द्यावे. एकरी हिशोबाने लागवडीच्या वेळी युरिया 30 कि.ग्रॅ., सिंगल सुपर फॉस्फेट 88 कि.ग्रॅ. व म्युरेट ऑफ पोटॅश 23 कि.ग्रॅ. असे प्रमाण होते. नंतर प्रत्येक काढणीनंतर एकरी 30 कि.ग्रॅ. युरिया विभागून द्यावा. पावसाळ्याच्या तोंडाशी नत्राची मात्रा टाळावी. त्यामुळे फुटवा लुसलुशीत होऊन कुजीला बळी पडतो. जस्ताची कमतरता आढळल्यासच जस्ताची मात्रा द्यावी.

पाणी व आंतरमशागत

लागवडीनंतर पहिला महिनाभर तीन ते चार दिवसांच्या अंतराने, पुढे जमिनीच्या मगदुरानुसार 7 ते 10 दिवसांनी पाणी द्यावे. ठिबक असल्यास वाफसा टिकेल इतकेच पाणी द्यावे. ठरलेल्या दिवशी पाणी देण्यापेक्षा बोटभर माती उकरून ओल पाहण्याची सवय लावून घ्यावी. काढणीपूर्वी तीन-चार दिवस पाणी थांबवावे, म्हणजे काढणीच्या वेळी रान कोरडे राहील.

पहिले तीन महिने शेत तणविरहित ठेवावे. खुरपणी उथळ करावी. मुळांना जखम झाल्यास तेथूनच रोग शिरतो. तेल काढताना पाल्याबरोबर तणही टाकीत गेले तर तेलाचा वास बिघडतो, म्हणून काढणीपूर्वी एक खुरपणी अवश्य करावी.

झाड का मेले? उपटून पाहा

जिरॅनियमचे झाड मेले की सरसकट एखादे औषध सोडण्याची प्रथा आहे. कारण न कळता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो. प्रथम झाड मुळांसकट अलगद उपटून धुवावे व पुढील खुणा पाहाव्यात.

मुळे काळी, मऊ व दुर्गंधीयुक्त असून साल सहज निसटत असेल तर ती मूळकूज होय. निचरा सुधारल्याशिवाय ती थांबत नाही. मुळे बाहेरून बरी, परंतु खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्यास तो बुरशीजन्य मर रोग समजावा. कापलेले खोड स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास दुधाळ धार निघाली तर मर जिवाणूजन्य असते व त्यावर उपाय नाही. मुळांवर गाठी असल्यास सूत्रकृमी, मुळे कुरतडलेली असल्यास हुमणी आणि खोडावर मातीचे थर असल्यास वाळवी असे निदान करावे.

रोगट झाड मुळाजवळील मातीसह काढून जाळावे. ते बांधावर टाकू नये. त्या जागेतून वाहणारे पाणी पुढील ओळीत जाऊ देऊ नये आणि त्याच खड्ड्यात लगेच नवीन रोप लावू नये. प्रतिबंधक उपाय म्हणून ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून लागवडीपूर्वी द्यावा व सूत्रकृमींसाठी निंबोळी पेंडीचा वापर करावा. रासायनिक औषध वापरण्याची वेळ आल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेलातील औषधांचे अंशही खरेदीदार तपासतात, हे लक्षात असू द्यावे.

काढणी

लागवडीनंतर सुमारे चार महिन्यांनी पहिली काढणी येते. काढणीची वेळ नाकाने ओळखता येते. कोवळ्या पानांना लिंबासारखा वास असतो. पाने फिकट हिरवी होऊ लागली आणि चोळल्यावर लिंबाऐवजी गुलाबाचा वास येऊ लागला की पीक काढणीस आले असे समजावे. शेतातील पाच-सहा ठिकाणची पाने चोळून पाहावीत.

कोरड्या हवेत, दव उठल्यानंतर धारदार विळ्याने काढणी करावी. जमिनीपासून 15 ते 20 सें.मी. भाग व त्यावरील काही पाने ठेवून वरचा पालेदार भाग कापावा. अगदी खाली कापल्यास फुटवा उशिरा येतो आणि काष्ठमय खोडे टाकीत जाऊन केवळ जागा व इंधन खातात. पाऊस चालू असताना काढणी करू नये. प्रत्येक काप ही उघडी जखम असते.

आपल्याकडे साधारणपणे फेब्रुवारी-मार्च, मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षात तीन काढण्या बसतात.

तेल काढणे

कापलेला पाला सावलीत पातळ पसरून काही तास सुकू द्यावा. त्यामुळे आकारमान कमी होऊन टाकीत जास्त माल बसतो. ढीग घालून ठेवू नये; तो तापतो व तेल कमी होते. तेलाचे ऊर्ध्वपातन वाफेच्या साह्याने करतात. पाला थेट पाण्यात उकळण्यापेक्षा जाळीवर ठेवून खालून वाफ सोडणे चांगले. पाण्यात फार वेळ उकळल्यास तेलातील सुवासिक घटकांचे विघटन होते. पाला टाकीत सारखा दाबून भरावा. कोठे पोकळी राहिली तर वाफ तेथूनच वाट काढते आणि उरलेला पाला तसाच राहतो. साधारणपणे दोन ते तीन तासांत तेल निघते.

तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे विभाजकात वर तरंगते. मात्र त्यातील काही भाग पाण्यात विरघळलेला राहतो. ते पाणी फेकून न देता पुढील भरणीच्या वेळी पुन्हा टाकीत वापरावे. टाकी व नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. लोखंडाच्या गंजाने तेलाचा रंग बिघडतो. तेलातील पाण्याचा अंश निर्जल सोडियम सल्फेटने काढून, गाळून, गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे व थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. प्लॅस्टिकचे डबे वापरू नयेत. उरलेला चोथा कुजवून खत करावे किंवा आच्छादनासाठी वापरावा.

उत्पादन व हिशोब

ताज्या पाल्यात तेलाचे प्रमाण साधारणपणे 0.08 ते 0.15 टक्के असते. सोयीसाठी 0.1 टक्का धरल्यास एक टन पाल्यापासून एक किलो तेल मिळते. हा एक आकडा पाठ ठेवला तर फसवणूक टळते. चांगल्या व्यवस्थापनात एकरी वर्षाला 8 ते 12 टन पाला, म्हणजे 8 ते 12 किलो तेल अपेक्षित धरावे. एकरी 30-40 किलो तेलाची हमी कोणी देत असेल, तर त्यासाठी एका एकरातून 30-40 टन पाला निघाला पाहिजे, हे ध्यानात घ्यावे.

आता रोपांचा खर्च पाहू. उदाहरणादाखल एका रोपाची किंमत 5 रुपये धरली तर 11,200 रोपांचे 56,000 रुपये होतात. तेल 10 किलो व दर किलोला 8,000 रुपये धरला तर वर्षाचे ढोबळ उत्पन्न 80,000 रुपये होते. पीक तीन वर्षे टिकले तर रोपांचा वार्षिक भार 19,000 रुपयांहून कमी पडतो व मशागत, खुरपणी, काढणी आणि ऊर्ध्वपातन यांचा खर्च भागून काही शिल्लक राहू शकते. पहिल्याच पावसाळ्यात पीक गेले तर तिसरी काढणी हातून जाते, उत्पन्न घटते आणि रोपांचे 56,000 रुपये मात्र पूर्ण त्याच वर्षात वसूल करावे लागतात. तसे होत नाही. वरील दर केवळ हिशोब दाखविण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दर दरवर्षी बदलतात, म्हणून आपल्या गावचे आकडे घालून हा हिशोब कागदावर करावा.

लागवडीपूर्वी पुढील गोष्टींची खात्री करावी

1. शेतातील सखल जागी निचऱ्याची परीक्षा केली आहे काय?

2. ऊर्ध्वपातन संयंत्र किती अंतरावर आहे, एका वेळी किती पाला घेते आणि काढणीच्या आठवड्यात आपली पाळी लागेल काय?

3. तेल कोण घेणार? करार असल्यास दर, प्रत, तपासणी कोण करणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी आहे काय? रोपे विकणारा व तेल घेणारा एकच असल्यास त्याने यापूर्वी तेल घेतलेल्या दोन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटावे.

4. विक्रीस दिलेल्या तेलाचा मोहोरबंद नमुना आपल्याजवळ ठेवण्याची सोय आहे काय?

5. आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा गट करून संयंत्र उभारता येईल काय?

सुरुवात पाच गुंठ्यांपासून करावी. 60 सें.मी. अंतराने त्यात सुमारे 1,400 रोपे बसतात. एका काढणीला साधारण 350 ते 500 किलो पाला निघतो, म्हणजे 500 किलो क्षमतेची टाकी एकदा भरते. यावरून आपल्या जमिनीतील पाल्याचे वजन, तेलाचा उतारा आणि प्रत या तिन्ही गोष्टी कळतात. ज्यांना तेवढेही क्षेत्र गुंतवावयाचे नाही त्यांनी परसबागेत पाच-सहा रोपे लावावीत. दोन न्हाणीच्या पाण्याजवळच्या ओलसर जागी आणि बाकीची उंचवट्यावर. एका पावसाळ्यानंतर कोणती राहिली, ते पाहावे.

पाच गुंठ्यांतील झाडांनी एक पावसाळा पार केला, त्यांच्यापासून घरची रोपे तयार झाली आणि निघालेले तेल विकून पैसे हाती आले, की मग क्षेत्र वाढविण्यास हरकत नाही. तोपर्यंत रोपांचा टेम्पो बांधावर उतरवून घेण्याची घाई शेतकरी बंधू-भगिनींनी करू नये.